आरसा तपासायच्या रात्रीची तयारी

घरी घासलेल्या दुर्बिणीच्या आरशाचं पॉलिश संपलं, त्यात ट्यूबलाइट लख्ख दिसायला लागली, आणि आता तो पॅराबोला, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत आणणारा आकार, झालाय का हे लेझरच्या व्यतिकरणमापकाने बघायचंय. इथवर आलेला प्रत्येक जण मला आधी एकच विचारतो: लेझर कोणता घेऊ? लेझर दीड-दोनशे रुपयांत मिळतो आणि त्याची काही अडचण नसते. अडचण घराची असते. म्हणून आधी रात्र ठरवा, मग खोली, मग आरशाचा स्टँड, आणि सगळ्यात शेवटी लेझर. खालचे सगळे आकडे माझ्या आठ इंची आरशाचे आहेत: व्यास २०० मिलिमीटर, एफ-६, म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या सहापट, १२०० आणि वक्रता त्रिज्या २४०० मिलिमीटर. तुमचा आरसा वेगळा असेल तर आकडे तेवढे बदलून घ्या.

नेमकं काय मोजायचंय ते एकदा कागदावर लिहून काढा. रात्री दोनला डोकं चालत नाही. मध्यावर सारखीच वक्रता असलेला गोलाकार आरसा आणि पॅराबोला यांच्यात माझ्या आरशाच्या कडेला जेमतेम ०.९ मायक्रोमीटरचा फरक आहे. सगळं घासकाम, पिचवरचं (डांबरासारख्या चिकट थरावरचं) सगळं पॉलिश, त्या ०.९ मायक्रोमीटरसाठी. आणि आरसा चांगला म्हणायचा तर शेवटी उरलेली चूक पृष्ठभागावर साधारण ७० नॅनोमीटरच्या आत हवी. लाल लेझरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर धरली तर व्यतिकरणाची, म्हणजे दोन किरण एकमेकांवर पडून उमटणारी, एक उजेड-अंधाराची पट्टी, म्हणजे आपल्या भाषेत एक फ्रिंज, पृष्ठभागावरच्या ३२५ नॅनोमीटरएवढी होते, कारण प्रकाश जातो आणि परत येतो. या फ्रिंजेसचे फोटो काढून ते सॉफ्टवेअरला वाचायला द्यायचे, आणि त्यात एका फ्रिंजचा पाचवा हिस्सा खात्रीने वाचता आला पाहिजे. तेवढी खोली शांत करायची आहे.

रात्र. मी पुण्यात कोथरूडला राहतो, कर्वे रस्ता दोन गल्ल्या पलीकडे. वरून मेट्रो, खालून पीएमपीच्या बस, आणि मधल्या वेळात डंपर. रात्री साडेअकराच्या आधी फ्रिंजेस दिसतात, पण थरथरणाऱ्या जेलीसारख्या. याचं फार वाईट वाटून घेऊ नका. १८८१ साली मायकेल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने त्याचं पहिलं व्यतिकरणमापक बर्लिनमध्ये मांडलं तेव्हा रस्त्यावरच्या रहदारीने रात्रीसुद्धा त्याला काम करू दिलं नाही. उपकरण उचलून पॉट्सडॅमच्या वेधशाळेत न्यावं लागलं, आणि तिथेही शंभर मीटरवर कुणी फरसबंदीवर पाय आपटला की फ्रिंजेस गायब व्हायच्या. तेव्हा बर्लिनमध्ये घोडागाड्या होत्या. आपल्याकडे डंपर आहेत, पण आपलं उपकरण त्याच्यापेक्षा बरंच सोशिक आहे; ते का, हे पुढे येईल.

सोसायटीचं वेळापत्रक माहीत करून घ्या. टाकीचा पंप किती वाजता लागतो, लिफ्टची मोटर कोणत्या भिंतीला आहे, वरच्या मजल्यावरचे लोक वॉशिंग मशीन रात्रीच्या वेळी लावतात का. गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने नदीकाठी राहणाऱ्यांनी ढोलपथकांचा सराव आटपेपर्यंत सामान बाहेर काढूच नये. घरच्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. मी दारावर पाटी लावतो: ‘आत उजेड मोजण्याचे काम चालू आहे. बेल वाजवू नये. काम काय आहे ते विचारू नये.’ शेजारच्या काकांनी तरीही विचारलं, पण बेल न वाजवता, फोन करून.

खोली लांबट हवी. आरसा आणि उपकरण यांच्यात २४०० मिलिमीटर अंतर, दोन्हीकडे थोडी जागा, म्हणजे दहा फूट मोकळे लागतात. हॉलमधून बेडरूमच्या दारातून मोजमाप करता येतं, पण दोन खोल्यांचं तापमान वेगळं असतं, म्हणून एकाच खोलीत बसत असेल तर कपाट सरकवा. उपकरण आणि आरसा दोन्ही एकाच लाद्यांच्या जमिनीवर, भिंतीच्या जवळ ठेवा. स्लॅब मध्यावर जास्त हलतो. पश्चिमेच्या भिंतीपासून मात्र लांब. एप्रिल-मे महिन्यात ती भिंत रात्री बारापर्यंत तव्यासारखी गरम हवा सोडत असते.

हवेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त रात्री हवेनेच खाल्ल्या आहेत. हवेचं तापमान एका अंशाने बदललं की तिचा अपवर्तनांक (हवेत प्रकाश किती मंदावतो तो आकडा) साधारण दहा लाखांत एक एवढाच बदलतो. ऐकायला काहीच नाही. पण प्रकाश २.४ मीटर जातो आणि तेवढाच परत येतो, ४.८ मीटरवर तो बदल ४.८ मायक्रोमीटर, म्हणजे सात तरंगलांबींहून जास्त होतो. आपण एका फ्रिंजचा पाचवा हिस्सा शोधतोय. सगळी हवा सारखी तापली तर फारसं बिघडत नाही, पण आरशाच्या वरच्या अर्ध्या भागासमोरची हवा खालच्यापेक्षा अर्धा अंश जरी गरम असली तरी आरसा वाकडा दिसतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगो-इंडियाचं जे व्यतिकरणमापक उभं राहणार आहे, त्याच्या चार-चार किलोमीटरच्या भुजा निर्वात नळ्यांमध्ये असतील. पुणे विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था त्या कामात आहे, म्हणजे तिथे हा विषय रोजचा. आपल्याकडे निर्वात नळी नाही, थर्माकोल आहे. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणि थर्माकोलचे तुकडे चिकटटेपने जोडून आरशापासून उपकरणापर्यंत बोगदा करा. आतून काळा कागद लावला तर उत्तमच.

पंखा बंद करा असं सगळे सांगतात. मी अर्धंच ऐकतो. पंखा बंद केला, दारं लावली, तासभर थांबलं की हवा स्थिर होते हे खरं, पण ती थरांमध्ये स्थिर होते: गरम वर, गार खाली. फ्रिंजेस मग सुंदर शांत दिसतात, आणि प्रत्येक फोटोत तीच चूक ठाण मांडून बसते. खवळलेल्या हवेची चूक दर फोटोत वेगळी असते, तीस फोटोंची सरासरी काढली की ती पुसली जाते. थरांची चूक पुसली जात नाही. म्हणून मी आता छोटा टेबलफॅन खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून मंद ठेवतो आणि जास्त फोटो काढतो. फ्रिंजेस हलताना बघून जीव कासावीस होतो, पण आकडे एकमेकांशी जुळतात.

काचेलाही वेळ द्या. पॉलिश केल्यावर लगेच मोजायला घेऊ नका. बोरोसिलिकेट काच असेल तर ती अंशामागे दहा लाखांत सुमारे ३.३ एवढी प्रसरण पावते, साध्या खिडकीच्या काचेचं प्रसरण जवळजवळ तिप्पट. साधी काच मी संध्याकाळी खोलीत आणून ठेवतो आणि मध्यरात्रीनंतर हात लावतो. डिसेंबर-जानेवारीत पुण्यातला पारा संध्याकाळनंतर झपाट्याने उतरतो. तेव्हा खिडक्या दुपारीच लावून घ्या, नाहीतर रात्रभर काच हवेच्या मागे धावत राहते.

आता स्टँड. इथे मी तीन आठवडे घालवले, म्हणून तुम्ही दहा मिनिटं जास्त घाला. माझ्या पहिल्या मापनात अर्ध्या तरंगलांबीचा ॲस्टिग्मॅटिझम दिसला, म्हणजे आरसा एका दिशेने जास्त आणि आडव्या दिशेने कमी वाकलेला. आरसा बिघडलाय असं धरून मी पुन्हा पिचवर बसलो, रोज संध्याकाळी तास-दीड तास, आणि ॲस्टिग्मॅटिझम जागचा हलेना. शेवटी कंटाळून आरसा स्टँडवर नव्वद अंशांनी फिरवला. चूक फिरली नाही. ती आरशात असती तर आरशाबरोबर फिरली असती. ती होती वरच्या क्लिपमध्ये, जी मी आरसा पडू नये म्हणून चांगली आवळली होती. तेव्हापासून क्लिप नुसती जवळ असते, काचेला लागत नाही. आरसा खालच्या कडेला दोन खुंट्यांवर टेकतो, मध्यापासून दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांवर, आणि मागे तीन ठिकाणी हलका आधार. आरशाच्या मागे मार्करने घड्याळासारख्या बारा खुणा करून ठेवा. किमान चार स्थितींमध्ये मोजायचंय: ०, ९०, १८०, २७०. समोरच्या कडेलाही वर एक आणि उजवीकडे एक असे दोन छोटे कागदी त्रिकोण चिकटवा; फोटोत प्रतिमा उलटसुलट होते, आणि उजवं-डावं चुकलं की पॉलिश नेमकं चुकीच्या जागी होतं.

उपकरण आपण वापरतो ते बाथ (हे माणसाचं आडनाव) पद्धतीचं. लेझरचा बारीक किरण बीम स्प्लिटरच्या, म्हणजे किरण दुभागणाऱ्या काचेच्या, ठोकळ्यात शिरतो आणि त्यातून दोन समांतर किरण निघतात. एकाच्या वाटेत छोटं बहिर्वक्र भिंग असतं, तो पसरून अख्खा आरसा उजळतो आणि परत येताना एका ठिपक्यात गोळा होतो. दुसरा तसाच सरळ जाऊन आरशाच्या मध्यावर टेकतो आणि परतीच्या वाटेवर त्याच भिंगातून जातो. जाताना एक भिंगातून, येताना दुसरा. दोघे जवळजवळ एकाच वाटेने जातात-येतात, त्यामुळे आरसा थोडा हलला तरी दोघांनाही सारखाच हलल्यासारखा वाटतो. मायकेल्सनला न मिळालेली सवलत ती हीच. दोन्ही वाटांची लांबीही सारखीच, म्हणून साधा डायोड लेझर पुरतो.

लेझर मॉड्यूल आणि त्याचा पॉवर सप्लाय तापकीर गल्लीत मिळतात, नटबोल्ट आणि पट्ट्या बोहरी आळीत. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारलीत तर कधी मायक्रोमीटरचा स्क्रू हाती लागतो. नाही लागला तर एक मिलिमीटर आट्याचा एम-६ बोल्ट आणि मागे स्प्रिंग एवढ्यावरही काम होतं. ठोकळा आणि भिंग मात्र चांगलं घ्या, ऑनलाइन मागवा. दोन किरणांमधलं अंतर पाच-सहा मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. ते वाढलं की उपकरण स्वतःचा ॲस्टिग्मॅटिझम घालतं, आणि लहान वक्रता त्रिज्येच्या आरशाला तो जास्त बोचतो. आरशाला ॲल्युमिनियमचा लेप नको. कोरी काच चार टक्के प्रकाश परत पाठवते, दोन्ही किरण तेवढेच मंद होतात, फ्रिंजेस ठसठशीत येतात.

लेझर एक मिलिवॉटच्या आतला घ्या. जुळवणी करताना किरण नेहमी पांढऱ्या कागदावर शोधायचा, डोळा ठोकळ्याला लावायचा नाही. घरात लहान मूल असेल तर ते झोपल्यावरच स्विच लावा.

जुळवणी उजेडात एकदा करून ठेवा म्हणजे अंधारात चाचपडावं लागत नाही. आधी भिंग काढून किरण आरशाच्या मध्यावर पाडा आणि परत ठोकळ्याशी आणा. मग भिंग बसवा. भिंगाशेजारी परतलेल्या प्रकाशाचा ठिपका दिसेल. उपकरण पुढे-मागे करत तो सगळ्यात बारीक करा. पलीकडच्या कागदावर दोन चकत्या दिसतात, त्या एकमेकींवर आणल्या की फ्रिंजेस आपोआप उगवतात. गोल गोल वलयं आली तर अंतर चुकलंय. आडवं सरकवलं की सरळ रेषा वाढतात. पहिल्यांदा दिसतात तेव्हा घरच्या सगळ्यांना उठवून दाखवावंसं वाटतं. उठवू नका, सगळे चालत येतात आणि फरशी हलते.

कॅमेरा मॅन्युअलवर, फोकस आरशाच्या कडेवर, शटर १/२०० किंवा त्याहून वेगवान, रिमोट किंवा टायमर. फोनचा कॅमेरा चालतो, पण त्याचं ऑटोफोकस बंद करता आलं पाहिजे. फोटोतल्या फ्रिंजेसवरून आरशाचा आकार काढणारं डीएफटीफ्रिंज हे मोफत सॉफ्टवेअर आदल्या दिवशी लॅपटॉपवर टाकून त्यात व्यास, वक्रता त्रिज्या, तरंगलांबी आणि पॅराबोलासाठी शंकूचा स्थिरांक उणे एक भरून ठेवा. पॅराबोलाच्या फ्रिंजेस इथे वाकड्याच दिसतात, त्या सरळ आल्या तर आरसा अजून गोलाकारच आहे. डोळ्याला दहा फ्रिंजेस छान दिसतात, सॉफ्टवेअरला तीस-चाळीस बऱ्या.

खड्डा कुठला आणि उंचवटा कुठला याची खात्री एकदा हाताने करून घ्या. आरशाच्या कडेजवळ अंगठा अर्धा मिनिट टेकवून काढला की तिथली काच उबेने किंचित फुगते. त्या ठिकाणी सॉफ्टवेअरने उंचवटा दाखवला तर ठीक, खड्डा दाखवला तर चिन्ह उलटं आहे. हा खेळ सगळे फोटो काढून झाल्यावरच करा, आणि नंतर ठसा पुसा.

प्रत्येक स्थितीत तीस फोटो, आरसा फिरवल्यावर वीस मिनिटं विश्रांती. हाताची ऊब जायला तेवढा वेळ लागतो. चार स्थितींचे मिळून अडीच-तीन तास होतात, थर्मासमध्ये चहा भरून ठेवा, गॅस पेटवायला उठू नका. फाइलच्या नावात तारीख, कोन आणि खोलीचं तापमान लिहा. स्ट्रेल गुणोत्तर, म्हणजे आरसा आदर्शाच्या किती जवळ आहे ते सांगणारा आकडा, लगेच काढायचा मोह होईल. पहिल्या कोनातले आकडे बघून निम्म्यात सामान आवरणारे मी पाहिलेत, त्यातला एक मीच. आमच्याकडे सहाला पंप सुरू होतो. पावणेसहाला आरसा डब्यात गेलेला असावा.