चाळिशीनंतरची नखं: वयाचं किती, पाण्याचं किती आणि डॉक्टरांना काय दाखवायचं

ओढणीच्या धाग्यात नख अडकतं, कोपऱ्यातून पापुद्रा सुटतो, अंगठा फिरवला की नखावरच्या उभ्या रेघा खरखरीत लागतात. पंचेचाळिशीच्या आगेमागे बऱ्याच जणींच्या नखांचं हे सुरू होतं आणि घरातलं निदान ठरलेलं असतं: "कॅल्शियम कमी झालंय." खरं तर नखात कॅल्शियम अगदी नाममात्र असतं. नख टणक राहतं ते केराटिन नावाच्या प्रथिनामुळे आणि त्यातल्या गंधकाच्या बंधांमुळे. हाडांसाठी डॉक्टरांनी कॅल्शियमची गोळी दिली असेल तर ती घ्याच, पण नखांच्या बाबतीत तिच्या भरवशावर राहू नका. नखांवरचे पांढरे ठिपकेही कॅल्शियमचे नव्हेत. नखाच्या मुळाशी कधीतरी बारीकसा मार बसलेला असतो, त्याचे ते.

माझं मत सरळ आहे. वाढत्या वयाच्या नावावर आपण जे खपवतो, त्यातलं बरंचसं पाण्या-साबणाचं असतं. थोडं खरंच वयाचं असतं, आणि अगदी थोडं आजाराचं. म्हणून बाटल्या आणि गोळ्या आणण्याआधी ही वाटणी करून घ्यायची.

१. आधी नखं नीट बघा

नेलपॉलिश काढा आणि सकाळच्या उजेडात खिडकीपाशी बसा. ट्यूबलाइटखाली नखाचा रंग कळत नाही. मेंदीचा रंग नखावर चढला असेल तर तो नखाबरोबर पुढे सरकेपर्यंत वाट बघावी लागते. तो पुसून जात नाही.

वयाचे बदल असे असतात: मुळापासून टोकापर्यंत उभ्या बारीक रेघा, मुळाशी दिसणारी पांढरी चंद्रकोर लहान होणं किंवा दिसेनाशी होणं, चमक उतरणं, रंग किंचित मळकट-पिवळसर होणं. हे सगळं हळूहळू येतं आणि बहुतेक नखांवर थोड्याफार फरकाने सारखंच दिसतं. नखांची वाढही मंदावते. तरुणपणी हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, मधल्या बोटाचं जरा जास्त. पंचविशीनंतर हा वेग दरवर्षी साधारण अर्धा टक्का कमी होत जातो. रजोनिवृत्तीच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिशीत, इस्ट्रोजेन घटतं, त्वचा कोरडी पडते आणि नखंही त्याच वाटेने जातात.

या उभ्या रेघांना औषध नाही आणि औषधाची गरजही नाही. पार्लरमध्ये बफरने घासून नख गुळगुळीत करून देतात, ते टाळा. रेघ जाते, पण तिच्याबरोबर नखाची जाडीही जाते.

२. हाताची नखं पायाच्या नखांशी ताडून पाहा

ही तपासणी फुकट आहे आणि फार कामाची आहे. हाताच्या नखांचे पापुद्रे सुटताहेत पण पायाची नखं ठणठणीत आहेत, तर दोष बाहेरचा आहे: पाणी, साबण, रिमूव्हर. हातापायाची सगळीच नखं पातळ, ठिसूळ झाली असतील तर आत बघायला हवं: लोह, थायरॉइड, आहार. डाव्या-उजव्या हातातला फरकही बघा. ज्या हातात घासणी असते, त्याची नखं आधी बोलतात.

३. पाण्याशी तह करा

नख पाणी शोषून फुगतं आणि वाळलं की आकसतं. दिवसातून पंधरा-वीस वेळा हे झालं की नखाचे थर एकमेकांपासून सुटायला लागतात. भांडी, भाजी धुणं, कणीक, ओटा पुसणं, पुन्हा हात धुणं. त्यात भांड्यांचा साबण नखातला उरलासुरला स्निग्धपणाही काढून नेतो. ठिसूळ नखांची तक्रार पुरुषांपेक्षा बायकांत जवळपास दुप्पट दिसते, याचं नवल वाटायला नको.

उपाय रबरी हातमोज्यांचा. पण नुसते रबरी मोजे घातले की आत घाम येतो आणि बोटं तशीच भिजतात, कोकणातल्या किंवा मुंबईतल्या हवेत तर दहा मिनिटांत. म्हणून आत पातळ सुती मोजे घाला, मोजे ओले झाले की बदला, आणि एका दमात पाऊण तास घालून बसू नका. मोज्यांनी भांडं हातातून निसटतं अशी तक्रार असते. तळव्याला खडबडीत नक्षी असलेले मिळतात, ते घ्या. आणि तुमच्याकडे भांड्याला मावशी येत असतील तर एक जोड त्यांच्यासाठीही आणा. चार-पाच घरची भांडी घासणाऱ्या बाईच्या नखांना तुमच्या-आमच्या नखांच्या कितीतरी पट पाणी लागतं.

सतत ओल्या हातांना होणारा दुसरा त्रास म्हणजे जुनाट नखुरडं. नखाच्या कडेची कातडी फुगते, लाल राहते, दाबलं की दुखतं, आणि नख व कातडी यांच्यात फट पडते. त्या फटीतून ओल, बुरशी, जंतू सगळंच आत जातं. नख आणि कातडी यांना जोडणारी पातळ कड, जिला पार्लरमध्ये क्युटिकल म्हणतात, हे नखाचं दार आहे. ते कापू नका, मागे ढकलू नका, मॅनिक्युअरवालीलाही तसं बजावा.

लसणाचं वेगळं सांगायला हवं. रोज भरपूर लसूण सोलणाऱ्यांच्या अंगठ्याची, तर्जनीची आणि मधल्या बोटाची टोकं कोरडी पडून भेगाळतात, आणि बहुधा पाकळी धरणाऱ्या हाताचीच, म्हणजे उजव्या हाताने सुरी चालवणारीच्या डाव्या हाताची. ही लसणाची ॲलर्जी असू शकते. महिनाभर दुसऱ्या कुणाला सोलायला लावून बघा.

४. तेल लावायची वेळ सांभाळा

कोणतं तेल, यापेक्षा कधी लावलं हे महत्त्वाचं. हात धुतल्यावर टिपून घ्या आणि नख किंचित ओलसर असतानाच थेंबभर खोबरेल किंवा बोटभर व्हॅसलीन नखावर, कडेला आणि टोकाखाली चोळा. आतली ओल आत राहते. दिवसात दोन-तीनदा जमलं तर उत्तम, पण रात्रीचं चुकवू नका. नखं फारच कोरडी असतील तर युरिया असलेलं क्रीम औषधाच्या दुकानात मिळतं, ते रात्री लावून वरून सुती मोजे घाला. खोबरेलात लसूण उकळून नखांना लावण्याचा एक उपाय फिरतो. वरचा परिच्छेद वाचलात ना?

५. कापणं आणि रंगवणं

नखं आंघोळीनंतर कापा, तेव्हा ती मऊ असतात आणि चिरफळत नाहीत. लहान ठेवा, ठिसूळ नख लांब ठेवण्याचा हट्ट महागात पडतो. धातूच्या कानशीऐवजी बारीक कागदी किंवा काचेची घ्या आणि एकाच दिशेने फिरवा. पायाची नखं सरळ रेषेत कापा, कोपऱ्यात गोल शिरू नका, नाहीतर नख मांसात घुसतं. उतारवयात पायाची नखं जाड होतात. ती पंधरा मिनिटं कोमट पाण्यात भिजवून मग थोडी थोडी कापावीत. दिवेलागणीनंतर नखं कापू नयेत असं आजी म्हणायची. मधुमेह असलेल्या आणि नजर अधू झालेल्या बाईने तरी ते जरूर पाळावं. पाय बधिर असेल तर जखम झालेली कळतही नाही. अशांची नखं घरातल्या दुसऱ्या कुणीतरी कापावीत.

नेलपॉलिश लावायला हरकत नाही; खरा त्रास रिमूव्हरचा. ॲसिटोन नख कोरडं करतं, म्हणून तो आठ-दहा दिवसांतून एकदाच वापरा. टवका उडाला तर सगळं पुसण्यापेक्षा वरून हात फिरवा. "हार्डनर" म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांपैकी फॉर्मल्डिहाइड हे रसायन असलेल्या बाटल्यांनी नख सुरुवातीला कडक होतं आणि काही आठवड्यांनी आणखी ठिसूळ. जेल नखं लावली असतील तर ती कधीही सोलून काढू नका. नखाचा वरचा थर बरोबर येतो. त्यातल्या ॲक्रिलेट या रसायनाची ॲलर्जी आली तर पुरळ बोटांवरच येईल असं नाही, पापण्यांवरही येतं, आणि मग महिनोन्महिने काजळावर संशय घेतला जातो.

६. आतलं बघा: लोह, प्रथिनं आणि ती बायोटिनची गोळी

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रात ५४ टक्के. पाळी जाण्याआधीच्या काही वर्षांत अनेकींना जास्त रक्तस्राव होतो, त्यातून लोह आणखी उतरतं. नख आधी पातळ होतं, मग सपाट आणि शेवटी मधे खोलगट. नखावर पाण्याचा एक थेंब टाका. तो ओघळून न जाता मधेच बसून राहिला तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. पाळी बंद होऊन वर्षं झाली आणि तरीही लोह कमी निघालं, तर नुसती गोळी घेऊन थांबू नका. पोटात कुठे रक्तस्राव होत नाही ना, हे डॉक्टरांना शोधायला सांगा.

ताटात अळीव, मोडाची कडधान्यं, पालेभाज्या, आणि वर लिंबू. जेवणावर लगेच चहा नको, तासभर जाऊ द्या. चहा लोह शोषू देत नाही. आठवड्याचे दोन-दोन उपवास साबुदाण्यावर काढणाऱ्यांनी त्यात प्रथिनं जवळजवळ नसतात हे लक्षात ठेवावं. दाणे, दही, ताक तरी बरोबर असू द्या.

बायोटिन हे 'ब' गटातलं एक जीवनसत्त्व. त्याच्या गोळ्या "केस, त्वचा, नखं" अशा नावाखाली सर्रास विकल्या जातात. ठिसूळ नखांना रोज २.५ मिलिग्रॅमने फायदा झाल्याचे काही छोटे अभ्यास आहेत, यापलीकडे फारसा पुरावा नाही. मात्र बायोटिनमुळे रक्ताच्या काही तपासण्या चुकीच्या येतात. थायरॉइडचा रिपोर्ट विचित्र येऊ शकतो, आणि हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ती ट्रोपोनिनची पातळी खरी असते त्याहून कमी दिसू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला. गोळी घेत असाल तर रक्त द्यायला जाण्याआधी डॉक्टरांना सांगा आणि ती किती दिवस बंद ठेवायची ते विचारा.

७. सहा महिने धीर धरा

आज केलेल्या उपायाचं नख आज मुळाशी तयार होतंय. ते टोकाला यायला सुमारे सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याचं तर बारा ते अठरा. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, बोटाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. मुळाकडचा नवा भाग सुधारलेला दिसला की समजायचं, काम होतंय. याच हिशेबाने मागचंही कळतं. नखांवर आडवी खाच असेल तर ती मुळापासून किती दूर आहे ते मोजा. ६ मिलिमीटर असेल तर साधारण दोन महिन्यांपूर्वीचा जोराचा ताप, शस्त्रक्रिया किंवा मोठं आजारपण आठवून बघा.

८. हे मात्र दाखवा

दहा नखांत एकच नख वेगळं दिसत असेल तर ते वयाचं समजू नका. सर्वांत महत्त्वाची म्हणजे काळी-तपकिरी उभी पट्टी. सावळ्या वर्णात अनेक नखांवर अशा फिक्या पट्ट्या असणं सामान्य आहे. पण एकाच नखावर, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर, नव्याने आलेली, रुंद होत जाणारी, किंवा जिचा काळेपणा कातडीवर उतरलाय अशी पट्टी त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. हा त्वचेच्या कर्करोगाचा एक प्रकार असू शकतो. नख खालच्या मांसापासून सुटणं, हिरवट दिसणं, सुईने टोचल्यासारखे खड्डे पडणं, बोटांची टोकं फुगून नखं गोलाकार वळणं, यासाठीही जा.

जाताना नेलपॉलिश काढून जा, मेंदी टाळा, चालू औषधांची यादी आणि ते महिन्याचे फोटो न्या. बुरशीची शंका असेल तर मेडिकलमधून आणलेलं मलम आधी लावत बसू नका, नमुन्यात बुरशी सापडत नाही. नखाचा तुकडा तपासल्याशिवाय पोटातून घ्यायच्या बुरशीच्या गोळ्या सुरू करू नयेत. हाताच्या नखांसाठी त्या बहुधा सहा आठवडे आणि पायाच्या नखांसाठी बारा आठवडे चालतात, आणि यकृताचा आजार असेल तर तो आधी सांगावा लागतो.