गोधडीच्या कडेची पट्टी मशीनवर लावताना मागची टीप वाकडी पडतेय? माझा अनुभव

वरून शिलाई एकदम सरळ दिसायची आणि गोधडी उलटी केली की टीप कुठे पट्टीवर, कुठे नुसत्या कापडावर, कोपऱ्यात तर गोळाच. टाचण्या लावल्या, कच्चा टाका घातला, काही फरक नाही, नुसता वैताग.

शेवटी जमलं ते असं. अडीच इंची सुती पट्टी उभी दुमडून इस्त्री केली (ठाण्यात जांभळी नाक्याला पॉपलीन मिळतं, सॅटिन नको, सरकतं). पट्टी आधी गोधडीच्या मागच्या बाजूला, उघड्या कडा गोधडीच्या कडेला जुळवून पाव इंचावर शिवायची. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबून दोरा तोडा, पट्टी काटकोनात वर उचला म्हणजे तिरकी घडी पडते, ती तशीच धरून पट्टी सरळ खाली दुमडा आणि कोपऱ्यानंतरची बाजू कडेपासून शिवायला सुरू करा. मग पट्टी पुढे वळवून पहिली शिलाई जेमतेम झाकेल इतकीच ओढा, क्लिपा लावा आणि पुढूनच घडीच्या अगदी काठावर टीप मारा. सुई १६ नंबर, टाका ३ मिमी, प्रेशर फूटचा (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) दाब थोडा कमी.

मागे टीप पट्टीला लागून एका रेषेत येते, बॉबिनला (खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ) मागच्या कापडाच्या रंगाचा दोरा भरला तर दिसतही नाही.