किऑस्क घेताय? या चुका टाळा

किऑस्क म्हणजे टोकन घेणं, बिल भरणं अशी कामं ग्राहकाने स्वतः करायचं स्क्रीनचं मशीन. बंद पडलेल्या किऑस्कवर एक कागद हमखास चिकटवलेला असतो: 'मशीन बंद आहे, काउंटरवर चौकशी करा.' तो चिकटवायची वेळ का आली याचा माग काढला, की गाडी बहुतेकदा खरेदीच्या आधी घेतलेल्या एखाद्या घाईच्या निर्णयाशी येऊन थांबते.

त्यातली सगळ्यात महागात पडणारी घाई म्हणजे मॉडेल आधी ठरवणं. स्क्रीन किती इंचाची हा प्रश्न नंतरचा. आधी गर्दीचा एक पूर्ण दिवस काउंटरशेजारी उभे राहा आणि लोक काय मागतात ते वहीत लिहा. टोकन, बिल भरणं, आल्याची नोंद ही ठरावीक कामं मशीनला जमतात. तक्रार, चुकलेलं नाव, सवलतीचा वाद यांना माणूसच लागतो. ही कामंही किऑस्कवर टाकलीत, तर काउंटरवरची रांग किऑस्कसमोर येऊन उभी राहते आणि तिथे उत्तर द्यायला कोणी नसतं.

दुसरी चूक जागेची. शोरूममध्ये झळझळीत दिसणारी स्क्रीन काचेच्या दाराशी ठेवली की दुपारी तिच्यात फक्त आपलाच चेहरा दिसतो. आतल्या भागात २५० ते ३५० निट्सची (निट हे स्क्रीनची चमक मोजायचं एकक) चमक पुरते. थेट ऊन येत असेल तर १००० निट्सच्या पुढची स्क्रीन लागते. तिची उष्णताही जास्त, त्यामुळे पंखा आणि हवा खेळायला जागा हवी. किऑस्क भिंतीला टेकवून मागची जाळी बंद करू नका. दुपारीच हँग होणारं मशीन सकाळी ठणठणीत चालत असेल, तर सॉफ्टवेअरवाल्याला फोन करण्याआधी ती जाळी आणि तिच्यावरची धूळ बघा.

उंचीचंही तसंच. व्हीलचेअरवरच्या माणसाचा हात पोहोचला पाहिजे. अमेरिकेतल्या एडीए, म्हणजे अपंगांच्या हक्कांच्या कायद्याच्या नियमांत समोरून हात पोहोचण्याची वरची मर्यादा ४८ इंच आहे, म्हणजे साधारण १२२ सेंटिमीटर. महत्त्वाची बटणं, कार्डची फट आणि पावती या मर्यादेच्या खालीच ठेवा. एकदा खुर्चीवर बसून स्वतः सगळा व्यवहार करून बघा, चूक लगेच कळते.

आता प्रिंटर. किऑस्कचा खरा जीव इथे अडकलेला असतो, आणि खरेदीच्या बैठकीत याच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. पावती कोरी येतेय? थर्मल कागदाला एकाच बाजूला उष्णतेने काळा होणारा लेप असतो. रोल उलटा बसला की अक्षर उमटत नाही. नखाने ओरखडा काढा, काळी रेघ उमटली तर ती छपाईची बाजू. अक्षरं मधेमधे उभ्या पट्टीत गायब होत असतील, तर प्रिंट हेड, म्हणजे कागदाला उष्णता देऊन अक्षर उमटवणारी पट्टी, आधी पुसून घ्या. कागद सारखा अडकत असेल, तर लोक पावती अर्धवट बाहेर आल्यावरच ओढतात का ते पाहा. पूर्ण कापल्यावरच पावती हातात देणारा प्रिंटर थोडा महाग पडतो, पण मी तोच घ्या असं सांगेन. मोठा रोल मावतो का आणि कागद संपत आल्याचा इशारा आधी मिळतो का, हे दोन्ही विचारा.

पैसे घेणारा किऑस्क असेल तर एक प्रसंग विक्रेत्याकडून समोर करून दाखवून घ्या. पैसे कापले गेले, तेवढ्यात नेट गेलं, पावती आली नाही. आता ग्राहकाच्या स्क्रीनवर काय दिसतं? 'एरर' एवढंच दिसत असेल, तर तो घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरणार. व्यवहार क्रमांक, पैशांचं काय झालं आणि कुणाशी बोलायचं, एवढं दिसल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

ग्राहक अर्धवट निघून गेला की ठरावीक सेकंदांनी स्क्रीन मूळ पानावर आली पाहिजे, नाहीतर आधीच्याचा फोन नंबर नंतर येणाऱ्याला दिसतो. ऑपरेटिंग सिस्टिमही विचारून घ्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण त्यावर चालणारं मशीन 'नवीन' म्हणून समोर येऊ शकतं.

स्क्रीन आपोआप दाबली जात असेल तर ती कोरड्या कापडाने पुसा, मग अर्थिंग तपासून घ्या. नेटसाठी शक्य तिथे वाय-फायपेक्षा केबल बरी, आणि सोबत एक छोटा यूपीएस.

करारात 'सर्व्हिस मिळेल' एवढ्यावर सही करू नका. किती तासांत माणूस येणार, सुटे भाग किती वर्षं मिळणार, दुरून रिस्टार्ट करता येतो का, हे लिहून घ्या. आणि दहा किऑस्क हवे असले तरी आधी एकच मागवा. महिनाभर तो तुमच्या खऱ्या गर्दीत चालवा. कागद कोण भरणार, चावी कुणाकडे, सुट्टीच्या दिवशी ती कुणाला द्यायची, हे त्या महिन्यात ठरलं की उरलेल्या नऊंची ऑर्डर द्या.