खारी भिंत आणि चुन्याचा गिलावा

गोव्यातल्या पेडण्यात, केरीला आमचं घर दोन खोल्यांचं, जागा मात्र तीन हजार चौरस मीटर; माड, काजू, बाकी रान. हाक मारली तर ऐकायला शेजारी नाही. समुद्राकडची भिंत दर श्रावणात फुगायची, दिवाळीपर्यंत पोपडे. बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट! वॉटरप्रूफ रंग दोनदा मारला, पैसे पाण्यात.

शेवटी गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याने भिंतीवर टिचकी मारली. पोकळ आवाज. "बाबा, चिऱ्याचा श्वास कोंडलायस तू," म्हणाला. चिरा जांभ्या दगडाचा, सच्छिद्र; ओल आणि मीठ आत घेतो. वरचं सिमेंट ती ओल बाहेर पडू देत नाही. ती सुकताना मिठाचे खडे आतच धरतात आणि गिलावा बाहेर ढकलतात.

मार्चमध्ये सिमेंट खरवडलं. भिंत गोड्या पाण्याने धुवायची, वाळवायची, असं तीनदा. मग एक भाग मुरलेला चुना, तीन भाग नदीची वाळू (समुद्राची अजिबात नाही), दोन पातळ थर. चुना सावकाश धरतो, म्हणून आठवडाभर ओली गोणपाटं टांगली. जूनच्या आधी बाहेरून झावळ्यांची झापं बांधली.

दोन पावसाळे झाले. खिडकीखाली वीतभर डाग अजून येतो. तिथलं सिमेंट मी कंटाळून तसंच ठेवलं होतं.