बहात्तरचा दुष्काळ आजीकडून शिकवायचा तो असा

मी बीड जिल्ह्यात आठवी-नववीला इतिहास शिकवते. बहात्तरच्या दुष्काळावर मुलं सरकारबद्दल बोलतात, धान्याबद्दल बोलतात. गावचा पाझर तलाव कुणी खणला, हे विचारलं की गप्प. खणणारी कधी कधी त्यांच्याच ओसरीवर बसलेली असते. त्या दुष्काळी कामांवर, म्हणजे सरकारने मजुरी देऊन काढलेल्या तलाव-रस्त्यांच्या कामांवर, बायका फार मोठ्या संख्येने होत्या. पुढे १९७७ साली महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा झाला, २००५ साली केंद्राचा. कायद्याचं साल पाठ होतं, खडी फोडणारीचं नाव कुठेच नसतं. तेव्हा विशीत असलेली बाई आता सत्तरी ओलांडून गेली आहे, म्हणून हे काम याच वर्षी करा.

आधी वर्गात मुक्ता साळवेचा निबंध वाचा. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली ही चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, हे तिने त्यात लिहिलं. मांग समाजातल्याच मुलीने लिहिलं म्हणूनच ते आपल्यापर्यंत पोचलं. आपल्याच वयाच्या मुलीचं लिखाण म्हटल्यावर मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा कान देतात.

मग मुलांना आजीकडे पाठवा. ‘तुमचं योगदान सांगा’ असं विचारलं की ‘आमचं काय बाई, खडी फोडली’ एवढ्यावर बोलणं संपतं. कामाचं विचारायचं. हातोडा कुणाचा? माप कोण घ्यायचं? मस्टरवर (हजेरीपटावर) नाव तुमचं की मालकांचं (नवऱ्याचं)? पगार कुणाच्या हातात पडायचा? सुकडी (कामावर मिळणारा पौष्टिक खाऊ) तिथेच खायचात की पोरांसाठी घरी न्यायचात? मिलोची (परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची) भाकरी कशी व्हायची? आणि तान्हं लेकरू कुठे ठेवायचात? या प्रश्नाला बाई हमखास बोलती होते. बाभळीला बांधलेली झोळी, बोटांना गुंडाळलेली चिंधी, मुकादमाची नजर चुकवून पोराला पाजणं, सगळं ओघाने येतं.

साल विचारू नका. ‘थोरला पोटात होता तेव्हा की नंतर?’ असं विचारा, हिशोब आपण लावायचा. मुलगा किंवा नातू मध्येच उत्तर द्यायला लागला तर त्याला चहा करायला पाठवा. मी हे अगदी मनापासून सांगते, कारण तो समोर असला की आजी त्याच्याकडे बघून बोलते.

‘व्हतं’ म्हणाली तर ‘व्हतं’च लिहा. लिहिलेलं तिला वाचून दाखवा आणि ती नको म्हणेल ते तिच्यासमोरच खोडा. खाली तिचं पूर्ण नाव, माहेरचं आणि सासरचं दोन्ही. मुलांनी काढलेल्या गावच्या नकाशावर तलावाशेजारी ही नावं लिहायची. वहीची एक प्रत शाळेच्या कपाटात ठेवा, दुसरी आजीच्या घरी द्या.