स्पॅनिशमध्ये 'ढोंगी' कुणाकुणाला म्हणायचं?

स्पॅनिशचं बी-वन (मधली पातळी) झालं, भाषांतराची छोटी-मोठी कामं हातात यायला लागली, की माणसांच्या खोटेपणापाशी हमखास अडायला होतं. कोश 'इपोक्रिता' पुढे करतो आणि नवखे तोच सगळीकडे चिकटवतात. माझं म्हणणं, कोश नंतर उघडा. त्या माणसाने नेमकं केलंय काय, ते आधी बघा. मराठीत तरी ढोंगी, दुटप्पी, साळसूद आणि लाळघोट्या आपण एकाच मापाने कुठे मोजतो?

सांगतो एक, करतो भलतंच, तो 'इपोक्रिता'. पुरुष असला तरी शेवटी 'आ'च, 'इपोक्रितो' असं काही नसतं. तोंडावर गोड आणि पाठीमागे नावं ठेवणारा असेल तर बोलताना 'फाल्सो', बाई असेल तर 'फाल्सा'. मात्र आधीचं 'उन' (म्हणजे 'एक', इंग्रजीतल्या 'अ'सारखं) गाळू नका. 'एस उन फाल्सो' म्हणजे माणूस खोटा. नुसतं 'एस फाल्सो' म्हटलं तर ऐकणाऱ्याला बहुधा 'हे खरं नाही' एवढंच कळेल. माणूस नव्हे, त्याचं हसू किंवा आस्था वरवरची असेल तर 'फिन्हिदो'. गरीब गाईसारखा चेहरा करून आपलं साधून घेणारी ती 'मोस्कीता मुएर्ता', म्हणजे मेलेली माशी! हे बहुतेक वेळा बायकांनाच ऐकवलं जातं, हेही लक्षात असू द्या.

इंग्रजीवरून अंदाज बांधणारे 'सीनिको'वर हटकून फसतात. इंग्रजीतला सिनिक कुणावर विश्वास ठेवत नाही. स्पॅनिशमधला बहुतेकदा धडधडीत खोटं बोलून वर निर्लज्जपणे हसतो.

खरी गंमत मस्का लावणाऱ्यांची. स्पेनमध्ये तो 'पेलोता', म्हणजे चेंडू. अर्जेंटिनात 'चुपामेदियास', शब्दशः मोजे चोखणारा. मेक्सिकोत 'लांबिस्कोन', आणि तिथे साहेबाची 'दाढी करणं' म्हणजेही लोणी लावणं. (आपल्याकडे बिनपाण्याने केली तर अर्थ अगदी उलटा.) त्यामुळे मजकूर कोणत्या देशासाठी आहे, हे काम घेतानाच विचारून घ्या. लोकांना दाखवण्यापुरतं जगणं याला स्पेनमध्ये 'पोस्तुरेओ' म्हणतात. स्पॅनिश अकादमीने 2017मध्ये तो कोशातही घेतला.

कार्यालयीन पत्रात यातलं काहीच नको. तिथे 'पोको सिन्सेरो', म्हणजे 'फारसा प्रामाणिक नाही', एवढं पुरतं. 'फाल्सो' लिहिलंत तर तक्रारीचं भांडण होईल.