जुन्या बाईकचं चार्जिंग होत नाही? नवीन बॅटरी घ्यायच्या आधी एवढं तपासा (खास किनारपट्टीवाल्यांसाठी)

मी मालवणजवळ देवबागला राहतो, म्हणजे एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला कर्ली नदी. गाडी कुठेही लावा, खारा वारा लागणारच. माझी बाईक 2006 ची, 150 सीसी, आणि एका वर्षात मी तिला दोन बॅटऱ्या घातल्या, कारण दरवेळी गॅरेजमध्ये एकच उत्तर मिळालं, बॅटरी बसली, नवीन टाका. दुसरी बॅटरी पण तीन महिन्यांत बसली तेव्हा शेजारचे काका, ज्यांचं आयुष्य ट्रॉलरच्या इंजिनावर गेलं, ते म्हणाले, "आधी मीटर लाव, मगे पैशे काढ." त्या दिवशी फॉल्ट सापडला. एक कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग), त्यातली एक पिन, बस.

म्हणून हे सगळं लिहितोय. कोकणात चार्जिंगचा प्रॉब्लेम आला की माझा पहिला संशय कपलर आणि अर्थिंगवर (मायनसची फ्रेमला लागलेली जोडणी) असतो, कॉइल (इंजिनात वीज तयार करणारी) आणि आरआर युनिटवर (रेग्युलेटर-रेक्टिफायर, कॉइलची एसी वीज डीसी करून मापात बॅटरीला देतं) नंतर, आणि बॅटरीवर तर तपासल्याशिवाय अजिबात नाही. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं आणि कडेला हिरवा थर दिसतो ना, तोच थर तुमच्या वायरिंगच्या पिनांवर बसलेला असतो, फक्त तो टाकीखाली आणि साईड कव्हरच्या आत असल्यामुळे कुणी बघत नाही.

सामान फार लागत नाही. साधा डिजिटल मल्टीमीटर (त्यात 10 अँपिअरची रेंज आणि डायोडची खूण असलेला घ्या), पाने आणि स्क्रूड्रायव्हर, बारीक पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, खायचा सोडा आणि थोडी पेट्रोलियम जेली.

सुरुवात बॅटरीपासूनच, पण बदलण्यासाठी नाही

गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी चावी न लावता मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर लावा. 12.6 ते 12.8 म्हणजे फुल चार्ज, 12.2 च्या आसपास म्हणजे अर्धी, 12 च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. आणि बाहेरच्या चार्जरवर रात्रभर लावूनही 10.5 च्याच आसपास अडकत असेल तर एक सेल मेलाय, कारण आत प्रत्येकी साधारण 2.1 व्होल्टचे सहा सेल असतात आणि त्यातला एक गळाला की हिशोब तिथेच थांबतो, अशी बॅटरी मात्र खरंच बदला. (फारच जुन्या काही गाड्यांची सिस्टिम 6 व्होल्टची असते, त्यांना आकडे निम्मे धरा.)

बाकी कमी व्होल्टेज दिसलं तर ती आधी बाहेरून चार्ज करून घ्या. बॅटरीच्या अँपिअर-अवरचा (एएच, बॅटरीवर लिहिलेला आकडा) दहावा भाग एवढाच करंट द्यायचा, म्हणजे 9 एएचला साधारण 0.9 अँपिअर. कारच्या मोठ्या चार्जरला तासभर लावून फटाफट चार्ज करायच्या भानगडीत पडू नका, प्लेटा वाकतात. पाण्याची बॅटरी असेल तर लेव्हल दोन रेघांच्या मधे हवी, कमी असेल तर फक्त डिस्टिल वॉटर, विहिरीचं पाणी नको आणि ॲसिड तर नकोच. चार्जिंग मोकळ्या हवेत करा, त्यातून हायड्रोजन निघतो, चुलीच्या किंवा देवाच्या दिव्याच्या जवळ नको.

चार्ज झाली की दोन-तीन तास तशीच ठेवा, परत मोजा, मग सेल्फ मारताना मीटरकडे बघा. व्होल्टेज 9.5-10 च्या खाली कोसळत नसेल तर बॅटरीत अजून जीव आहे. कितीतरी चांगल्या बॅटऱ्या या एका टेस्टशिवाय भंगारात जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं, लोकांचे हजार-दीड हजार असेच जातात.

अजून एक गोष्ट किनाऱ्यावरच जास्त होते. मीटरची लाल पिन प्लसवर ठेवा आणि काळी पिन बॅटरीच्या झाकणावरून, म्हणजे नुसत्या प्लास्टिकवरून फिरवा. मीटरने एक-दोन व्होल्ट जरी दाखवले तरी वर साचलेल्या मीठ-ओलीच्या थरातून करंट झिरपतोय. बॅटरी बाहेर काढून सोड्याच्या पाण्याने पुसा (आत पाणी जाऊ देऊ नका), कोरडी करा, टर्मिनल घासून चकचकीत करा, घट्ट बसवा, मग वरून जेली. काढताना आधी मायनस, लावताना आधी प्लस.

आता गाडी चालू करून बघायचं

मीटर बॅटरीवरच लावून ठेवा. आयडलला 13 च्या आसपास आणि रेस 4000-5000 आरपीएमला नेल्यावर 13.5 ते 14.8 दिसलं तर चार्जिंग होतंय, मग पुढचं वाचायची गरज नाही, थेट खाली लीकेजवर जा. रेस वाढवून पण 12 च्याच घरात राहिलं तर चार्जिंग येत नाही. आणि 15 च्या वर गेलं तर उलटा रोग, जास्त चार्जिंग, बॅटरी गरम होते, फुगते, रेस दिली की बल्ब एकामागून एक उडतात, यात आरआर युनिट किंवा त्याचं अर्थिंग बघायचं.

एक कळकळीची विनंती. गाडी चालू असताना बॅटरीची वायर काढून "बघ बंद पडते का" अशी टेस्ट बरेच जण करतात, ती करू नका. बॅटरी बाजूला झाली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि आरआर, बल्ब, सीडीआय (स्पार्क देणारा डबा) यातलं काहीही जाऊ शकतं.

आणि हेडलाईट झगझगीत लागतोय म्हणजे चार्जिंग ठीक आहे असं धरू नका. बऱ्याच जुन्या 100 सीसी गाड्यांत हेडलाईट थेट मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनातल्या कॉइलच्या, एसीवर चालतो, रेस दिली की उजळतो आणि आयडलला मंद होतो, त्याचा बॅटरीशी संबंधच नसतो. तिथे बॅटरीचा हाल हॉर्न आणि इंडिकेटरवरून कळतो.

कपलर आणि अर्थिंग, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

गाडी बंद, बॅटरीचा मायनस काढलेला. आधी फ्यूज काढून बघा, नुसता वरून नाही, फ्यूजची पाती आणि होल्डरची आतली बाजू पण. मग आरआर युनिट शोधा, पंख्यासारख्या फिन असलेला ॲल्युमिनियमचा चौकोनी ठोकळा, फ्रेमला बोल्टने बसवलेला. त्याचा कपलर वायर ओढून नाही तर लॉक दाबून सोडवा आणि उजेडात धरा. हिरवी-पांढरी पूड, काळी पडलेली पिन, तपकिरी झालेलं किंवा वितळलेलं प्लास्टिक, यातलं काहीही दिसलं तर तुम्ही बहुतेक फॉल्टपर्यंत पोचलात.

माझ्या गाडीत नेमकं हेच होतं. मायनस परत लावून गाडी चालू, रेस 4000 ला, मीटर डीसीवर, लाल पिन आरआरच्या आऊटपुट (बॅटरीकडे जाणाऱ्या) वायरला कपलरच्या मागून खुपसलेली आणि काळी पिन बॅटरीच्या प्लसवर. इथे 0.2-0.3 व्होल्टच्या आत यायला हवं, मला 2.1 दिसले. म्हणजे आरआरमधून 14.3 निघत होते आणि बॅटरीला 12.2 पोचत होते. तीन अँपिअर धरले तर सहा वॅटची उष्णता त्या मुगाच्या दाण्याएवढ्या पिनेवर, कपलर शेकून बदामी पडला होता आणि पिन हाताने हलत होती. नवीन पिना क्रिम्प केल्या, कपलर बदलला, रेसवर 14.2.

तसंच मायनसकडचं बघा, एक पिन आरआरच्या बॉडीवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर, पुन्हा 0.2 च्या आत. जास्त आलं तर अर्थिंगचा बोल्ट काढा, फ्रेमवरचा गंज आणि रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, बोल्ट घट्ट करा, वर जेली. आपल्याकडे जांभ्याचा लाल चिखल या बोल्टांभोवती बसतो आणि ओल धरून ठेवतो, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकदा हे करायचंच.

पिना साफ करताना आधी क्लीनर, मग ब्रश, पूर्ण सुकल्यावर अगदी पातळ जेली. वायरचं आवरण सोलल्यावर आतलं तांबं काळं निघालं तर चमक येईपर्यंत मागे कापत जा, काळ्या तांब्यावर जोड टिकत नाही. आणि नुसता पीळ देऊन वर टेप गुंडाळायची नाही, या हवेत ती टेप एका पावसाळ्यात सुटते.

मग मॅग्नेट कॉइल

वायरिंग चोख असूनही चार्जिंग नाही, तर इंजिनातून येणारा कपलर सोडवा. तीन सारख्या रंगाच्या वायरी (बहुतेक पिवळ्या) असतील तर मीटर ओहमवर ठेवून दोन-दोन वायरींच्या तिन्ही जोड्या मोजा, साधारण 0.2 ते 1 ओहमच्या मधे आणि तिन्ही सारख्या हव्यात. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकांना लावून काय आकडा येतो तो बघा आणि वजा करा, स्वस्त मीटरच्या वायरींचाच 0.3 ओहम असतो. मग प्रत्येक वायर ते इंजिनाची बॉडी मोजा, इथे काहीच जोड दिसता कामा नये, दिसला तर कॉइल जळून बॉडीला लागली.

पण थांबा, हा नियम तीन वायरींच्या कॉइलचा. काही छोट्या गाड्यांत चार्जिंग कॉइलचं एक टोक मुद्दामच बॉडीला अर्थ केलेलं असतं, तिथे बॉडीशी जोड दिसणं बरोबरच आहे. हे माहीत नसल्यामुळे चांगल्या कॉइली काढून फेकलेल्या मी पाहिल्यात.

कपलर सोडलेलाच ठेवून गाडी चालू करा, मीटर एसी 200 व्होल्टवर, वायरींना हात न लावता जोड्या मोजा. नेमका आकडा गाडीप्रमाणे बदलतो, पण रेसबरोबर तो चढत गेला पाहिजे आणि तिन्ही जोड्यांत जवळपास सारखा हवा. एक जोडी मागे पडली तर कॉइल रिवाइंड करा किंवा बदला.

आरआर युनिट शेवटी

कॉइल चांगली, वायरिंग चांगली, तरी चार्जिंग नाही, तर आरआर. मीटरच्या डायोड टेस्टवर इनपुट आणि आऊटपुट पिनांत दोन्ही बाजूंनी आकडा दिसला तर आतला डायोड (करंट एकाच बाजूने जाऊ देणारा भाग) शॉर्ट आहे. पण टेस्ट पास झाली म्हणजे युनिट चांगलं असं नाही, काही युनिट थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर हात वर करतात, म्हणून मी आरआरला सगळं बाकीचं तपासून झाल्यावरच दोष देतो. नवीन घेताना तुमच्याच मॉडेलचं घ्या आणि फिनना वारा लागेल अशा मूळ जागीच बसवा. घाटासाठी 55 वॅटचे दोन जादा लाईट लावले असतील तर ते आधी काढून बघा, 110 वॅट म्हणजे 9 अँपिअर, जुन्या छोट्या गाडीच्या कॉइलला ते झेपत नाही.

चार्जिंग बरोबर, तरी बॅटरी उतरते?

म्हणजे लीकेज. चावी बंद, मायनस वायर काढा, मीटर 10 अँपिअर रेंजवर (लाल वायर वेगळ्या भोकात) मायनस टर्मिनल आणि वायर यांच्या मधे लावा. या स्थितीत चावी फिरवू नका, सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. आकडा अगदीच बारीक असेल तर मिलीअँपिअरवर या. एक-दोन मिलीअँपिअर चालतील, 50 असतील तर दिवसाला 1.2 एएच गेले, 5 एएचची बॅटरी चार दिवसांत रिकामी. एकेक कपलर सोडत जा, ज्याने आकडा पडेल तिथे फॉल्ट. माझ्या पाहण्यात इग्निशन स्विचमध्ये गेलेलं पाणी आणि पावसात पडवीत आसरा घेतलेल्या उंदरांनी कुरतडलेली वायर, ही दोन कारणं पुन्हापुन्हा येतात.

ज्यांची गाडी गावच्या पडवीत वर्षभर उभी असते आणि गणपतीला आल्यावरच चालू होते, त्या चाकरमान्यांनी परत मुंबईला निघताना बॅटरी फुल चार्ज करून मायनस वायर काढून ठेवा, आणि घरी कुणी असेल तर दीड-दोन महिन्यांनी एकदा बाहेरून चार्ज करायला सांगा. जयगड-तवसाळ किंवा दाभोळच्या फेरीबोटीतून गाडी नेली, पाण्याचे शितोडे उडाले, की घरी आल्यावर गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवा, प्रेशर पंप कपलरवर मारू नका, आणि सुकल्यावर साईड कव्हर उघडून एकदा ते हिरवं काही दिसतंय का बघा.